जुन्या कॅम्पर व्हॅनचं कूलिंग घरीच दुरुस्त करायचंय, हेड उघडायच्या आधी काय काय बघू?

वाटसरू
पोस्ट लांब आहे, आधीच सांगून ठेवतो.

गाडी म्हणजे जुनी डिझेल व्हॅन, टर्बो, इंजिन पुढे, आधीच्या मालकाने मागे बेड, सिंक, कपाटं बसवून कॅम्पर केलेली. मागे एक हीटर आहे आणि सीटखाली छोटी गरम पाण्याची टाकी, दोन्ही इंजिनच्याच कूलंटवर तापतात, म्हणजे कूलंट पुढून निघतं, फ्लोअरखालून मागे जातं, तिकडे फिरून परत पुढे येतं.

लक्षणं अशी. सपाट रस्त्याला काटा बरोबर मध्यावर, कितीही चालवा हलत नाही. मोठा चढ लागला आणि दुसऱ्या गिअरमध्ये रेंगाळत जायला लागलं की काटा चढतो, लाल पट्ट्याच्या अलीकडे आला की मी पुढचा हीटर फुल गरमवर टाकतो, खिडक्या उघडतो, मग खाली येतो. मागचा हीटर मात्र कायम थंड हवा फेकतो. आणि पुढच्या कूलंटच्या टाकीतली पातळी हळूहळू कमी होते, वर भरावं लागतं, पण गाडीखाली एक थेंब दिसत नाही.

गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं, माझं ऐकून घेतलं आणि लगेच निकाल दिला, हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलंय, हेड उतरवायला लागेल. असेलही गेलेलं, पण पाणी कमी होतंय आणि गाडी तापतेय एवढ्यावरून थेट हेड उतरवायचं मला पटेना. घरी जागा आहे, जॅक आहे, स्टँड आहेत, पान्यांचा सेट आहे, गाडी काही दिवस उभी राहिली तरी अडत नाही. कुठून सुरुवात करू? एकदम सगळे पार्ट बदलायचे नाहीयेत.

नटबोल्ट
बरं केलंत थांबलात ते. आधी माझे प्रश्न.

सकाळी गाडी पूर्ण थंड असताना वरचा मोठा होज दाबून बघा, मऊ लागतो की टणक? रात्रभर उभी राहूनही टणक असेल तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात घुसतोय, मग गॅरेजवाला बरोबर. ऑइलच्या झाकणाखाली दुधी चिकटा आहे का, आणि असेल तर डिपस्टिकवर पण आहे का? नुसता झाकणाखाली असला तर छोट्या छोट्या फेऱ्यांमुळे पण धरतो, तेवढ्याने घाबरू नका. इंजिन गरम झाल्यावर पण सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो का? थंड असताना टाकीचं झाकण उघडून इंजिन चालू करा, बुडबुडे येतच राहतात का?

आणि शेवटचं, काटा वर जातो तेव्हा डिझेलचा काटा पण वर सरकतो का? हसू नका, जुन्या बऱ्याच गाड्यांत दोन्ही काट्यांना मिळून एकच व्होल्टेज स्टॅबिलायझर असतो, तो बिघडला की दोन्ही काटे खोटं बोलतात आणि माणूस चांगलं इंजिन उघडून बसतो.

हवाबाण
एवढं काय त्यात. थर्मोस्टॅट काढून फेकून द्या, पाणी सतत फिरत राहील, गाडी तापायचा प्रश्नच नाही. माझ्या ओळखीत सगळ्यांनी हेच केलंय.

गिअरवाला काका
हवाबाण, हा सल्ला नका देत जाऊ हो. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅटला दोन तबकड्या असतात. इंजिन थंड असताना एक तबकडी रेडिएटरची वाट बंद ठेवते आणि पाणी बायपासमधून इंजिनातल्या इंजिनातच फिरतं, गरम झालं की ती उघडते आणि त्याच हालचालीत दुसरी तबकडी जाऊन बायपासचं तोंड बंद करते. आता थर्मोस्टॅटच काढला तर बायपास कायमचा उघडा, पाण्याला सोपी वाट तीच, मग बरंचसं पाणी रेडिएटरकडे न जाता तिथेच घुमत बसतं. म्हणजे चढावर गाडी आधीपेक्षा जास्त तापू शकते, आणि सपाटीवर उलटं, इंजिन धड गरम होत नाही, डिझेल जास्त खातं आणि ऑइलमधली ओल जळून जात नाही.

संशय असेल तर काढून तपासा ना. भांड्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोऱ्याने टांगा, बुडाला टेकू देऊ नका कारण तिथे पाण्यापेक्षा जास्त ताप असतो, बाजूला थर्मामीटर सोडा आणि तापवा. थर्मोस्टॅटवर अंशांचा आकडा कोरलेला असतो, ८२, ८८ असं काहीतरी, त्याच्या आसपास उघडायला लागला पाहिजे आणि पुढच्या दहा-पंधरा अंशांत पूर्ण उघडला पाहिजे. अर्धाच उघडला तर नवीन घ्या. बसवताना हवा जायची छोटी पिन असेल तर ती वरच्या बाजूला.

हवाबाण
मग ते पाणी फार जोरात फिरलं की त्याला रेडिएटरमध्ये थंड व्हायला वेळ मिळत नाही म्हणतात ते? म्हणजे काढला तरी तापते ती त्यामुळे ना?

गिअरवाला काका
नाही. पाणी चक्रात फिरतंय. रेडिएटरमध्ये कमी वेळ थांबलं तर इंजिनातही कमीच वेळ थांबतं, आणि दर मिनिटाला फेऱ्या जास्त होतात. वेग वाढल्याने उष्णता कमी जात नाही. तापते ती बायपासमुळे, वर लिहिलंय तसं.

निवांत
कूलिंग वाचून मला वाटलं फ्रीजबद्दल आहे 😀 आमच्या व्हॅनमधला गॅसवरचा फ्रीज थंडच होत नाहीये, इथे विचारलं तर चालेल का?

नटबोल्ट
वेगळा धागा काढा ताई, इथे दोन्हीचा गोंधळ होईल. तोवर एवढं बघा, गाडी समपातळीत उभी आहे का. गॅसवरच्या फ्रीजमध्ये कॉम्प्रेसर नसतो, आतला अमोनिया आणि पाणी उताराने खाली वाहतं त्यावर सगळं चालतं, गाडी कलली की ते अडतं.

वाटसरू
नटबोल्ट, उत्तरं: होज सकाळी मऊ. ऑइल स्वच्छ, डिपस्टिक पण स्वच्छ. पांढरा धूर नाही. बुडबुडे चालू केल्या केल्या थोडे आले मग थांबले. डिझेलचा काटा जागच्या जागी.

काका, थर्मोस्टॅट काढला, ८२ चा आहे, भांड्यात ८३ ला हलला आणि नीट पूर्ण उघडला. परत बसवला, गॅस्केट नवीन टाकलं.

एक लिहायचं राहिलं होतं. हीटर लावून गाडी चालवली की मागे गोडसर वास येतो. मला वाटायचं फर्निचरच्या प्लायचा असेल.

नटबोल्ट
वास प्लायचा नाही, कूलंटचा. इथिलिन ग्लायकॉलचं गरम कूलंट गोडसर वास मारतं. आणि मागे वास म्हणजे गळती मागच्या फांदीवर आहे, इंजिनवर नाही. बारीक गळती असेल आणि पाइप गरम असेल तर थेंब पडायच्या आधीच पाण्याची वाफ होऊन जाते, म्हणून तुम्हाला खाली काही दिसत नाही, पण जिथून गळतं तिथे पांढरट किंवा कूलंटच्या रंगाचा खरखरीत डाग राहतो. तो डाग शोधायचा. टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन गाडीखाली जा, प्रत्येक जोड, प्रत्येक क्लिप, आणि क्लिपच्या मागची बाजू.

प्रेशर टेस्टर कुणाकडून तरी मिळवा. हातपंप असतो, टाकीच्या झाकणाच्या जागी लावायचा, झाकणावर जेवढा दाब लिहिलाय तेवढा भरायचा, त्याच्यावर नाही, आणि काटा खाली येतो का बघत बसायचं. थंड इंजिनवर करायचं म्हणजे पाणी उडून न जाता ठिबकतं आणि सापडतं. त्याच टेस्टरला ॲडॉप्टर लावून झाकण पण तपासा. झाकण हा सगळ्यात स्वस्त पार्ट आणि सगळ्यात दुर्लक्षित.

मीनल
झाकणाबद्दल +१, थोडं लिहितेच कारण लोकांना वाटतं ते फक्त पाणी सांडू नये म्हणून असतं. साधं पाणी समुद्रसपाटीला १०० अंशाला उकळतं. झाकणाने १ बार दाब धरला की तेच पाणी १२० पर्यंत उकळत नाही, आणि निम्मं कूलंट निम्मं पाणी असेल तर जवळपास १३० पर्यंत. स्प्रिंग ढिली झाली आणि झाकण निम्म्या दाबालाच सोडायला लागलं की ही सगळी सवलत कमी होते. त्यात तुम्ही डोंगरात असाल तर अजून कमी, ३,००० मीटरवर उघड्या भांड्यातलं पाणी ९० अंशालाच उकळतं. हेडमध्ये एकदा कुठेतरी उकळायला लागलं की तिथे वाफेचा फुगा बसतो, वाफ उष्णता नीट ओढून घेत नाही, मग धातू अजून तापतो.

आणि प्लीज गरम इंजिनवर झाकण उघडू नका कुणी. दाब गेला की ११० अंशाचं पाणी त्याच क्षणी उकळून तोंडावर येतं. वरचा होज हाताला कोमट लागेपर्यंत थांबायचं.

अर्धापाना
गळती बारीकच आहे ना, मग स्टॉप लीकची बाटली ओता की, दहा मिनिटांचं काम.

नटबोल्ट
ज्या गोष्टीने भोक बुजतं त्याच गोष्टीने हीटरच्या बारीक नळ्या पण बुजतात. रस्त्यात अडकलात, जवळ काही नाही, घरी पोचायचंय, तर ठीक. घरी स्टँडवर उभ्या गाडीत नको.

वाटसरू
सापडलं!! टेस्टर मिळाला. दाब भरला, हळूहळू उतरायला लागला. मागे फ्लोअरखाली, जिथे लोखंडी पाइप संपून रबरी होज चालू होतो तिथे आधीच्या मालकाने इन्शुलेशनचा फोम गुंडाळलेला, तो सोलला तर आत ओल, क्लिपखाली पांढरा थर, आणि पाइप बोटाने दाबला तर पापुद्रे सुटतायत. फोमने पाणी धरून ठेवलं आणि पाइप बाहेरून गंजत गेला. म्हणून थेंब पण पडत नव्हता, सगळं फोममध्येच मुरत होतं. परतीच्या पाइपची पण तीच अवस्था, अजून फुटला नाहीये एवढंच.

झाकणावर १ बार लिहिलंय, ते ०.५ च्या पुढे धरतच नाही. नवीन आणतोय.

हेड गॅस्केटची पण एकदा खात्री करून घ्यावी का? ती निळी टेस्ट येते ना?

मीनल
करा, मनाला शांतता. टाकीच्या तोंडावरची हवा त्या निळ्या द्रवातून खेचायची, सिलिंडरचा गॅस असेल तर त्यातल्या कार्बन डायऑक्साइडने रंग बदलतो. फक्त डिझेलला एक लक्षात ठेवा, आयडलवर डिझेलच्या धुरात कार्बन डायऑक्साइड कमी असतो म्हणून बारीक गळती असेल तर रंग चटकन बदलत नाही, चढावर गाडी चालवून आणून, थोडी निवू देऊन मग करा. आणि टाकीतली पातळी आधी खाली घ्या, कूलंट टेस्टरमध्ये ओढलं गेलं की टेस्ट वाया.

गिअरवाला काका
गळती सापडली हे छान पण तुमचा चढाचा प्रश्न एवढ्याने सुटेल असं धरून चालू नका. गळतीने पाणी कमी होतं, आणि गाडी थंड होताना आतलं पाणी आकसतं तेव्हा टाकीतून पाणी यायच्या ऐवजी त्या भोकातून हवा आत ओढली जाते, ती हवा मागच्या हीटरमध्ये जाऊन बसली, म्हणून तो थंड. इथपर्यंत जुळतंय. पण चढावर हळू चालताना तापते आणि हायवेला तापत नाही ही वेगळी खूण आहे. हायवेला वाऱ्यानेच भागतं, चढावर वारा नाही आणि इंजिनवर लोड पूर्ण, तिथे पंखा लागतो. म्हणजे हवा कमी पडतेय. उलट असतं, हळू चालताना ठीक आणि हायवेला तापते, तर मी म्हटलं असतं रेडिएटर आतून चोंदलाय किंवा खालचा होज जास्त आरपीएमला आत ओढला जाऊन चपटा होतोय.

तुमच्या गाडीला पंखा बेल्टवर आहे की इलेक्ट्रिक? बेल्टवर असेल तर मध्ये ती गोल व्हिस्कस कपलिंग असेल, गरम झालं की पंख्याला घट्ट धरून जोरात फिरवणारी.

वाटसरू
बेल्टवर आहे, मध्ये गोल डबा आहे, त्याच्या कडेने चिकट काळपट तेलासारखं पसरलंय.

गिअरवाला काका
ते सिलिकॉन ऑइल, कपलिंगमधलं. बाहेर आलं म्हणजे आत कमी झालं. तपासायचं असं: इंजिन बंद, चावी खिशात. थंड असताना पंखा हाताने फिरवा, थोडा जड लागला पाहिजे. मग गाडी चांगली गरम करून बंद करा आणि परत फिरवा, आता स्पष्ट जास्त जड लागला पाहिजे. गरम असताना पण ढकलल्यावर गरगर फिरत राहिला तर कपलिंग गेली. पाती धरून पुढेमागे हलवून बघा, बेअरिंग खुळखुळत असेल तरी बदला, नाहीतर एक दिवस पंखा रेडिएटरमध्ये घुसेल. चांगल्या कपलिंगची अजून एक खूण, लांब चढावर मध्येच पुढून घोंगावल्यासारखा मोठा आवाज यायला लागतो, तो पंखा लॉक झाल्याचा. तुम्हाला असा आवाज कधी आलाय?

वाटसरू
कधीच नाही. मी समजायचो शांत गाडी आहे.

कोपऱ्यातला पाना
पंख्याबरोबर रेडिएटरची जाळी पण बघा, आणि नुसती पुढून नको. एसी असेल तर पुढे दिसते ती एसीच्या कंडेन्सरची जाळी, रेडिएटर त्याच्या मागे. दोघांच्या मधल्या फटीत वर्षानुवर्षांची धूळ, किडे, पिसं, गवताचं बी जाऊन बसतं आणि बाहेरून काही कळत नाही. वरचे बोल्ट काढून रेडिएटर थोडा मागे झुकवता आला तर टॉर्च मारा.

धुताना इंजिनच्या बाजूने पुढे पाणी मारायचं, म्हणजे ज्या बाजूने घाण आली त्याच बाजूला निघते. प्रेशर वॉशर नको, ॲल्युमिनियमच्या पात्या वाकतात आणि मग काय हवा जाणार. बागेचा पाइप पुरे. आणि रेडिएटरच्या कडेने जो फोम किंवा रबराच्या पट्ट्या असतात, पंख्याभोवतीचं कडं असतं, ते सगळं जागेवर पाहिजे, नाहीतर पंखा रेडिएटरमधून हवा ओढायच्या ऐवजी बाजूच्या फटीतूनच ओढतो. हे लोक काढून ठेवतात आणि परत लावत नाहीत, का ते देवाला माहीत.

वाटसरू
अपडेट. फटीत अक्षरशः गोधडी होती. हाताने ओढून काढली, एका तुकड्यात आली. फोटो टाकायचा होता पण घरच्यांनी बघून नाक मुरडलं म्हणून राहू दे. खालची रबराची पट्टी गायबच आहे. कपलिंग गरम असताना पण गरगर फिरते, म्हणजे गेली, मागवली.

आता पाणी काढून सगळं फ्लश करायचंय. आधीच्या मालकाने हिरवं भरलेलं, मी वर गुलाबी टाकत होतो, टाकीत तळाला तपकिरी गाळ दिसतोय.

मीनल
रंगावर जाऊ नका, रंगाचं काही ठरलेलं प्रमाण नाही, प्रत्येक कंपनी आपल्या मनाने रंग टाकते. डब्यावर आत कुठली ॲडिटिव्ह आहेत ते लिहिलेलं असतं, गाडीच्या मॅन्युअलमध्ये कुठलं चालतं ते असतं, तेच जुळवा. जुन्या पद्धतीची सिलिकेटवाली दोन-तीन वर्षांत बदलायची असतात, ऑरगॅनिक ॲसिडवाली साधारण पाच वर्षं जातात, दोन्ही मिसळली की गंज थांबवायचं काम नीट होत नाही आणि काही काही जोड्यांत गाळ धरतो. पूर्ण धुऊन एकच भरा. तुमच्या रेडिएटरला पितळेचं सोल्डर केलेलं काम असेल तर डब्यावर ते चालतं का तेही वाचा.

पाणी डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड. नळाच्या पाण्यातला क्षार सगळ्यात गरम जागीच, म्हणजे हेडमध्ये, साचतो. आणि नुसतं कूलंट भरलं की अजून भारी असं काही नसतं, पाणीच उष्णता जास्त वाहून नेतं. निम्मं-निम्मं उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही, शंभर टक्के ग्लायकॉल मात्र उणे १३ च्या आसपासच गोठायला लागतं. ज्याने पहिल्यांदा मोजलं तो पण चक्रावला असेल.

नटबोल्ट
फ्लश करताना तीन वेगळे भाग समजा, इंजिन, रेडिएटर, आणि मागची फांदी. एकत्र धुतलं तर एकाचा गाळ दुसऱ्यात जातो. थर्मोस्टॅट बाहेर काढून इंजिन, रेडिएटर खालून वर उलट्या दिशेने, मागचा हीटर दोन्ही दिशांनी आलटून पालटून, हलक्या दाबाने, जुन्या हीटरच्या नळ्या नळाच्या पूर्ण जोराने फुटतात. रेडिएटरचा प्लास्टिकचा ड्रेन प्लग जुना असेल तर हात लावू नका, खालचा होजच काढा, प्लग तुटला की नवीन भानगड.

निघालेलं पाणी मोजून ठेवा. मॅन्युअलमध्ये सिस्टिममध्ये किती लिटर मावतं ते असतं. भरताना तेवढं गेलं नाही तर आत हवा अडकलीय, एवढा साधा हिशोब.

गाडीखाली जाताना: जॅकवर नाही, स्टँडवर, सपाट कडक जमिनीवर, खाली राहणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे. व्हॅन जड असते आणि मागे सगळं फर्निचर.

मागच्या पाइपला परत लोखंड टाकू नका, तांबं किंवा स्टेनलेस बघा. टोकाला उंचवटा काढून घ्या, गुळगुळीत पाइपवरून होज गरम झाल्यावर सरकतो. सायलेन्सरपासून लांब, दर थोड्या अंतरावर रबर लावलेल्या पट्टीने बांधा. इन्शुलेशन लावायचंच तर पाणी न शोषणारं, आणि जोड उघडे ठेवा म्हणजे दिसतील. स्क्रूच्या क्लिपा असतील तर पहिल्या गरम-थंड चक्रानंतर परत आवळाव्या लागतात, रबर बसतं.

चाकावरचं घर
वाचतोय, मस्त धागा. थोडं अवांतर, सगळ्यात लांब पाण्याचा रस्ता बहुतेक फोक्सवॅगनच्या टी३ व्हॅनमध्ये असेल. १९७९ मध्ये आली तेव्हा इंजिन मागे आणि हवेवर थंड होणारं, पुढे पाण्यावरचं इंजिन आलं पण ते मागेच राहिलं आणि रेडिएटर बसवला नाकात, मग दोन मोठे पाइप अख्ख्या गाडीखालून. तिच्यात हवा काढायची तर नाक वर उचलून, रेडिएटरचा स्क्रू ढिला करून, इंजिन रेस करत भरायचं. आणि त्याआधीच्या टी२ ला रेडिएटरच नव्हता, ब्राझीलमध्ये तर ती २०१३ पर्यंत बनत होती, फक्त २००५ च्या शेवटी तिथे पाण्यावरचं इंजिन टाकलं आणि त्या गोड चेहऱ्यावर काळी जाळी आली.

नटबोल्ट
अवांतर नाही, उपयोगाचंच आहे. हवा काढायचं तत्त्व तेच, भरायचं तोंड सगळ्यात वर आलं पाहिजे. वाटसरू, नाक वर करा, चढावर उभी केली तरी चालेल, हँडब्रेक आणि ठोकळे. पुढचा-मागचा दोन्ही हीटर फुल गरमवर, म्हणजे वॉल्व उघडे. जिथे जिथे ब्लीड स्क्रू (हवा सोडायचे) आहेत ते उघडे ठेवून सावकाश भरा, पाणी अखंड आलं की बंद. मागच्या हीटरला स्क्रू नसेल तर त्याच्या वरच्या होजची क्लिप सैल करून हवा जाऊ द्या. मग झाकण न लावता इंजिन आयडलवर, होज मधून मधून दाबत राहा, थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते, घाबरू नका, भरा. खालचा होज गरम लागला की झाकण लावा.

निवांत
मी अजून इथेच आहे 😀 शंका, गरम पाण्याची टाकी सीटखाली आहे म्हणता. आमची टाकी कपाटात बरीच वर आहे, त्याने फरक पडतो का?

नटबोल्ट
पडतो. टाकीतली कूलंटची कॉइल इंजिनच्या एक्स्पान्शन टाकीपेक्षा (जिथून कूलंट भरतो ती) वर असेल तर हवा तिथेच जमणार, कारण ती सर्किटमधली सगळ्यात उंच जागा झाली. एकतर टाकी खाली आणा, नाहीतर त्याहून वर एक वेगळी दाबाच्या झाकणाची छोटी टाकी बसवून तिथून भरा, आणि मग मूळ टाकीला दाब न सोडणारं साधं झाकण.

वाटसरू
अपडेट, बहुतेक शेवटचा.

मागचे दोन्ही पाइप तांब्याचे केले, टोकं उंच करून घेतली. होज सगळे नवीन, जुना खालचा होज कापून बघितला तर आतली स्प्रिंग गंजून तुकडे झालेली, म्हणजे तो पण रांगेत होताच. वॉटर पंपाच्या खालच्या भोकातून ओघळ नाही, शाफ्ट हलत नाही, तो तसाच ठेवला. कपलिंग नवीन, झाकण नवीन, रेडिएटरखाली रबराची पट्टी लावली. निळी टेस्ट चढावरून आणून केली, निळी ती निळीच. हेडला हात लावला नाही.

निघालेलं पाणी मॅन्युअलच्या आकड्यापेक्षा जवळजवळ दीड लिटर कमी भरलं. नवीन भरताना मागच्या हीटरची क्लिप सैल केली तर आधी बराच वेळ नुसती हवा, मग थुंकत थुंकत पाणी. आता मागचा हीटर चटका बसेल इतकी गरम हवा देतो.

त्याच चढावर नेली, दुसरा गिअर, टर्बो पूर्ण ओढतोय. मध्येच पुढून तो घोंगावणारा आवाज आला, बायको दचकली, मला आनंद झाला. काटा मध्याच्या जरा वर गेला आणि तिथेच थांबला. थंड झाल्यावर पातळी बघितली, थोडी खाली गेली होती, भरली. क्लिपा परत आवळल्या.

कोपऱ्यातला पाना
मस्त. पहिल्या काही फेऱ्यांत पातळी थोडी खाली जाईल, उरलेली हवा निघते, नंतर स्थिर व्हायला पाहिजे. स्थिर झाली नाही तर परत टेस्टर लावा. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर रेडिएटरवर काळी टेप चिकटवून वरून खाली मोजून लिहून ठेवा, चकचकीत धातूवर तो चुकीचा आकडा दाखवतो. मध्येच एखादा पट्टा थंड लागला तर तिथल्या नळ्या आतून बुजल्यात.

निवांत
आणि ते काढलेलं जुनं कूलंट कुठे टाकलंत? आमच्याकडे बादलीभर पडून आहे, मांजरं फिरतात म्हणून झाकून ठेवलंय.

नटबोल्ट
झाकलंत ते उत्तम, पण बादलीत नको, घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरा आणि वर मोठ्या अक्षरांत लिहा. चवीला गोड असतं, मांजर-कुत्रं चाटतं, आणि थोडक्यानेही किडनी निकामी होते. पाण्याच्या बाटलीत तर अजिबात नको, घरात कुणीतरी पिईल. गटारात, मातीत ओतायचं नाही. जिथे वापरलेलं ऑइल घेतात तिथे विचारा, बऱ्याच ठिकाणी कूलंट पण घेतात, फक्त ऑइलमध्ये मिसळून नेऊ नका, मिसळलेलं घेत नाहीत.

वाटसरू
मी पण तेच केलं, दोन कॅन भरून ठेवलेत, गाळासकट. निवांत, फ्रीजचा धागा काढा, मलाही लागणार आहे ते.